हिलालआप्पांची खिडकी

हिलालआप्पा कुणाच्याही घरी गेले की आधी खिडकीपाशी जायचे. चपला दाराशी काढल्या की घरातल्या माणसांना ओलांडून सरळ काचेपुढे उभे राहायचे, उजव्या हाताचं मधलं बोट दुमडायचे आणि पेरानं टकटक करायचे. मान जराशी तिरपी करून आवाज ऐकायचे. मग म्हणायचे, "काच चांगली शे. पन रबर ढिलं शे." आणि त्यानंतर घरच्यांकडे वळून विचारायचे, "कसे आहात?" बारशाला गेले तरी हेच आणि कुणी वारलं म्हणून भेटायला गेले तरी हेच. आमच्या गल्लीत एका घरी तिरडी बांधणं चालू असताना खिडकीचं रबर निसटलंय, हे त्यांनी घरधन्याच्या कानात सांगितलं होतं. त्यानं रडता रडता मान हलवली. तेरावं झाल्यावर आप्पांनाच बोलावून रबर बदलून घेतलं.

आप्पा मूळचे शिरपूरकडचे. तरुणपणी गावातल्या पोरांच्या मागोमाग सुरतेला आले आणि लूमवर लागले. लूमच्या खडखडाटात शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं, ती सवय त्यांना जन्मभर पुरली. पुढे लूम सोडून एका गुजराती काचवाल्याच्या हाताखाली राहिले आणि मग सुरतेतच डिंडोलीत स्वतःचं ॲल्युमिनियम सेक्शनचं दुकान टाकलं. सेक्शन म्हणजे सरकत्या खिडक्यांच्या चौकटी. आमच्याकडे घर बांधणारा माणूस देवघराची जागा नंतर बघतो, सेक्शनचा रंग आधी ठरवतो. मी त्यांच्या समोरच्याच घरात ब्लाउज शिवते. माझ्या मशीनपुढच्या खिडकीतून त्यांचं घर सगळं दिसतं, त्यामुळे पुढे जे सांगणार आहे ते बरंचसं मी सुईत दोरा ओवता ओवता पाहिलेलं आहे.

"काच दिखनी ते ती काच कसानी?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. काच दिसली तर ती काच कसली! हे वाक्य ते गिऱ्हाइकाला पटवताना म्हणायचे, कारागिराला झापताना म्हणायचे आणि लग्नाच्या पंगतीत शेजारी कोण बसलंय याची चौकशी न करता म्हणायचे. काचेवर बोटाचा ठसा दिसला की त्यांच्या जिवाला चैन पडत नसे. खांद्यावर मऊ फडकं कायम असे, ते लगेच हातात यायचं. ठसा स्वतःच्या घरातल्या काचेवर आहे की बँकेतल्या, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदा बँकेच्या शिपायानं त्यांना सफाईचा नवा माणूस समजून दुसऱ्या खिडकीकडे पाठवलं. आप्पा तीही पुसून आले.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान म्हणजे एका साडीच्या शोरूमचा दरवाजा. अख्खा काचेचा, चौकट नाही, मुठीशिवाय काही दिसायचं नाही. उद्घाटनाला आलेले एक जाडजूड व्यापारी हसत हसत सरळ आत निघाले आणि दरवाजा बंद आहे हे त्यांना नाकानं कळलं. रक्त आलं, बर्फ आला, उद्घाटन लांबलं. शोरूमवाल्यानं आप्पांना फोन करून नाही नाही ते सुनावलं. आप्पा तो फोन पुढे कित्येक वर्षं शाबासकी म्हणून सांगत होते. "नाक फुटनं," ते म्हणायचे आणि ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत बघत थांबायचे. "काच नही फुटनी."

त्यांच्या पत्नीला सगळी गल्ली जिजी म्हणायची. जिजींचं काम आप्पांच्या नेमकं उलट होतं. गोडाद्र्याच्या एका शेठकडून साड्यांचे गठ्ठे यायचे आणि जिजी गल्लीतल्या बायकांना घेऊन त्यांवर टिक्या आणि मोती चिकटवायच्या. अर्धे मोती असतात, एका बाजूनं सपाट; गमाचा ठिपका द्यायचा, मोती बसवायचा, बोटानं दाबायचं, पुढं सरकायचं. साडी जितकी लांबून दिसेल तितकी चांगली. आप्पा या धंद्याला चिकटवाचिकटवी म्हणायचे. गमाची बाटली खिडकीच्या जवळपास दिसली की घरात भांडण व्हायचं. जिजी भांडणात कधी आवाज चढवत नसत. मोती लावत राहायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "तुमनी काच कोणले दिखत नही, म्हनीसन तुमले कोनी ओळखत नही." गल्लीत आप्पांचं घर कुठलं असं कुणी विचारलं तर लोक खरोखरच जिजींचं घर दाखवायचे.

मग जिजींना लकवा झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं आणि बोलणं गेलं. बरेच महिने दवाखाना झाल्यावर चार शब्द परत आले. हा, नही, देख आणि का कोण जाणे, टाकी. गच्चीवरची पाण्याची टाकी भरून वाहायला लागली की त्या जन्मभर "टाकी! टाकी!" असं ओरडत आल्या होत्या, तेवढं कुठेतरी खोल शाबूत राहिलं असावं. राग आला तरी टाकी आणि चहा हवा असला तरी टाकी. डॉक्टरांनी आप्पांना सांगितलं, त्यांना नावानं हाक मारत जा, बोलतं ठेवा. आता आप्पांनी लग्नापासून कधी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, नुसतं "ऐकी राहिनी का" म्हणायचे. पहिल्या दिवशी ते खाटेजवळ उभे राहिले, घसा साफ केला आणि लूमवरच्या आवाजात "सुमन!" असं ओरडले. मी समोर मशीन थांबवली. जिजी लाजल्या. तोंडाची जी बाजू हलत होती तेवढ्यानं लाजल्या, पण स्वच्छ दिसलं.

खाट पुढच्या खोलीत खिडकीला लावली होती, कारण तिथून शेवगा दिसायचा. अंगणातला तो शेवगा जिजींनीच लावलेला. त्याला फुलं आली की शिंजीर यायचे, हे पाखरू अंगठ्याएवढं असतं. बुलबुल, होले तर रोजचेच. जिजींना दिवसभर दुसरं काम नव्हतं. पण खिडकीतून बाहेर दिसतं तसं आतही दिसतं. येणारीजाणारी बाई डोकवायची, "कशा आहात जिजी?" म्हणायची, आणि जिजी डाव्या हातानं पदर ओढून तोंड झाकायच्या. हळूहळू त्या भिंतीकडे तोंड करून झोपायला लागल्या. जेवण निम्म्यावर आलं. आप्पा एकदा माझ्याकडे येऊन माझ्या खिडकीवर टकटक करून गेले आणि जाता जाता म्हणाले, "ताई, तिनी शेवगाकडे पाठ करी दिन्ही." एवढंच बोलले. त्यांना इतक्या हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ती खिडकी उतरवली आणि आरशाची काच बसवली. अशी काच दिवसा बाहेरून आरसा असते आणि आतून साधी. आतल्या माणसाला सगळं दिसतं, बाहेरच्याला फक्त स्वतःचं तोंड. दुकानात जी सगळ्यात उत्तम होती ती त्यांनी बायकोला लावली, वरून खालपर्यंत अखंड, आणि संध्याकाळी दिवा लागला की उलटा कारभार होतो म्हणून आत जाड पडदाही लावला. गल्लीतल्या बायका आता डोकवायच्या आणि आपलेच केस नीट करून पुढे जायच्या. जिजींनी तोंड फिरवलं. शेवग्याकडे बघत पोळी खाल्ली. बाहेरून पाहणाऱ्याला शेवगे दोन दिसायचे, एक खरा आणि एक आप्पांच्या काचेतला. काचेतला जास्त स्वच्छ होता.

पहिला बुलबुल आठवड्याच्या आत धडकला. मी इथून आवाज ऐकला, कुणी ओली चिंधी भिंतीवर मारावी तसा. त्यामागोमाग आतून जिजींचा आवाज आला, "टाकी! टाकी!" आप्पा धावत गच्चीवर गेले. टाकी अर्धीसुद्धा नव्हती. ते तसं वरून सांगून खाली आले, तर जिजींचा डावा हात खिडकीखाली दाखवत होता. बुलबुल मेला होता. आप्पांनी त्याला कागदात घेऊन शेवग्याच्या बुंध्याशी पुरलं. मग काचेपाशी आले, धडकल्या जागी पिसांची पुसट खूण उमटली होती ती फडक्यानं पुसली, टकटक केली, आवाज ऐकला. काचेला काही झालेलं नव्हतं.

खोटं कशाला सांगू, त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्यावर किंचित समाधान होतं. दोन डोळ्यांच्या, आभाळातून उडणाऱ्या जीवालासुद्धा त्यांची काच दिसली नव्हती. पण मग होला गेला. मग शिंजीर, निळा-काळा, उन्हात चमकणारा नर. तो तर जिजींच्या डोळ्यांसमोर, नाकापासून हातभर अंतरावर धडकून खाली पडला. त्या दुपारी जिजींनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि जेवणाचं ताट तसंच परत गेलं. आप्पांनी "सुमन!" अशी हाक मारली. उत्तर आलं, "नही."

तेव्हापासून आप्पांचं समाधान गेलं ते गेलंच. त्यांनी स्टेशनजवळून एक मोठा गरुडाचा स्टिकर आणला, पंख पसरलेला, डोळे लाल. पाखरं घाबरतील म्हणे. होले त्या गरुडाच्या शेजारी चौकटीवर बसून अंग साफ करायचे आणि एक बुलबुल गरुडाच्या पंखाखाली जी मोकळी काच होती तिथं येऊन धडकला. कुणी सांगितलं म्हणून लिंबू-मिरची बांधली. नजर लागली नसेल, पण बुलबुल लागलाच. बाहेरून पडदा टाकला, तर जिजींना दिवसभर पडदाच दिसायला लागला. शेवटी एका सकाळी त्यांनी आरसा काढून साधी काच लावून पाहिली. जिजींनी डाव्या हातानं पदर तोंडावर ओढला तो दिवस मावळेपर्यंत सोडला नाही. आप्पांनी आरसा परत बसवला. मग काही दिवस ते स्वतःच खुर्ची टाकून खिडकीबाहेर बसले, हातात फडकं. पाखरू दिसलं की उठून फडकं फिरवायचे आणि ओरडायचे. पाखरं येईनाशी झाली. जिजींना शेवग्याऐवजी आप्पांची पाठ दिसू लागली. हे आप्पांना बरंच उशिरा कळलं.

उत्तरायणात पतंगाच्या मांज्यानं कापलेली पाखरं गोळा करणारी मंडळी सुरतेत पुष्कळ आहेत. त्यातल्या एका भाईंना मी फोन केला. एक बुलबुल धडकून नुसताच गुंगून पडला होता, त्याच्यासाठी ते भोकं पाडलेला पुठ्ठ्याचा खोका घेऊन स्कूटरवर आले. बुलबुलाला खोक्यात ठेवलं, झाकण लावलं, अंधारात शांत राहू द्या म्हणाले, आणि काचेकडे बघून केस नीट केले. मग म्हणाले, "काका, पक्षीने काच देखाती ज नथी. एने तो झाड देखाय छे. काच देखावी जोईए." पाखराला काच दिसतच नाही, झाड दिसतं, म्हणून काच दिसली पाहिजे. आप्पांचा चेहरा असा झाला, जणू कुणी त्यांच्या तोंडावर बापाला शिवी दिली असावी. बुलबुल खोक्यात सावध झाला, भाईंनी झाकण उघडलं, तो शेवग्यावर जाऊन बसला. भाई गेल्यावर आप्पा मला म्हणाले, "तो माणूस चांगला आहे. पण त्याला काचेतलं कळत नाही."

तरी पुढचे दोन-तीन दिवस ते दुकानात गेले नाहीत. खिडकीपुढे उभे राहायचे, फडकं खांद्यावरून काढायचे, परत टाकायचे. एका दुपारी मी शेवभाजी घेऊन गेले तर ते जिजींच्या खाटेवर पायाशी बसलेले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ताई, तुमना बायकास्ले बलावा. मोती लई येवा." गल्लीतल्या बायका ज्या घरात गमाची बाटली लपवून आणायच्या, त्याच घरात आता घरधन्याच्या निमंत्रणावरून ताटलीत मोती घेऊन आल्या. आप्पांची अट मात्र होती. मोती लावायचे ते आतून. बाहेरच्या बाजूला हात लावायचा नाही. "बाहेरची बाजू म्हणजे मनं नाव शे," ते म्हणाले. बायकांनी खाटेभोवती उभं राहून आतून मोती लावले, पुष्कळ लावले. जिजी बघत होत्या. मध्येच म्हणाल्या, "नही." कुणी लक्ष दिलं नाही. बाईला अशक्तपणा आहे असं समजून एकीनं त्यांना सरबत दिलं.

काम झाल्यावर मी बाहेर जाऊन पाहिलं. भर उन्हात त्या काचेत शेवगा होता, आभाळ होतं, मी होते. मोती एकही नव्हता. आरशाच्या मागे लावलेलं समोरून कसं दिसणार! साडीवर उलट्या बाजूनं मोती लावणारी बाई आमच्या गल्लीत अजून जन्मायची आहे, आणि इथे डझनभर बायकांनी मिळून अख्खी खिडकी उलटीकडून भरली होती. मी आत येऊन म्हटलं, "आप्पा, काम उलट बाजूला झालंय. बघणारा बाहेर आहे." जिजी म्हणाल्या, "हा." आणि मग, बऱ्याच दिवसांनी, जोरात, "टाकी!" त्याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना नीट कळला. ज्या बाईनं त्यांना सरबत दिलं होतं तिनं पेला उचलून आत नेला.

आतले मोती खरवडून काढायला आप्पा स्वतः पातं घेऊन बसले. बाहेरून लावायची परवानगी त्यांनी काचेकडे पाठ करून दिली. यावेळी नक्षी जिजींनी सांगायची असं ठरलं. आम्ही बाहेर, त्या आत. आम्ही एकेका जागेवर बोट ठेवायचो, बाजूच्या सरकत्या झडपेच्या फटीतून "हा" किंवा "नही" यायचं. जिजींचा हात साडीला सरावलेला. त्यांनी चारी बाजूंना भरगच्च काठ काढून घेतला, कोपऱ्यांत कोयऱ्या, वरच्या अंगाला पदर, आणि मधलं सगळं अंग मोकळं. इतकी देखणी खिडकी डिंडोलीत दुसरी नसेल. रस्त्यानं जाणाऱ्या दोन बायका आत येऊन साड्यांचा सेल कधीपर्यंत आहे ते विचारून गेल्या. दुसऱ्या दिवशी एक होला काठ चुकवून, कोयरी चुकवून, बरोब्बर मधल्या मोकळ्या अंगावर धडकला.

आता बायकासुद्धा खचल्या. होल्याचं पीस काचेला चिकटून राहिलं होतं. जिजी ते आतून बघत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. वाकड्या बाजूचं पाणी त्यांना कळत नसे, ते आप्पा पुसायचे, खांद्यावरच्या त्याच फडक्यानं. पुसता पुसता आप्पा म्हणाले, "सुमन, मी काच काढी टाकस. खिडकीमा भीत घाली देस." खिडकीच्या जागी भिंत. ते खरंच करणार होते, दुकानातून माणूस बोलावलाही होता. जिजींनी त्यांचा हात धरला. मग डाव्या हाताचा पंजा काचेवर ठेवला, चार बोटं जुळवून. उचलला, बाजूला ठेवला. परत उचलला, परत ठेवला. खाली ठेवला. सगळ्या काचेवर, जिथवर हात पोचत होता तिथवर, कुठेही मोकळं न सोडता. आणि म्हणाल्या, "देख."

मी तिथेच होते, मला लगेच कळलं, कारण साडीवाले याला ऑलओव्हर म्हणतात. काठ नाही, पदर नाही, इकडून तिकडे सारखी बुट्टी. स्वस्तातल्या साडीला करतात. जिजींनी आपल्या हातची देखणी नक्षी मोडायला सांगितली होती. आप्पांनी खिडकीत भिंत घालायला बोलावलेल्या माणसाला चहा पाजून परत पाठवलं आणि मोत्यांचं ताट स्वतः उचललं. कापडाचा गम त्यांनी हुंगून बाजूला ठेवला, "हाई धुवाई जाई," म्हणाले, आणि दुकानातून सिलिकॉनची गन आणली. काचेचा पक्का माल. ते ठिपका देणार, आम्ही मोती दाबणार. पहिला ठिपका द्यायला त्यांना फार वेळ लागला. गन काचेपाशी न्यायचे, मागे घ्यायचे. जन्मभर जिच्यावर बोट उठू दिलं नाही तिच्यावर आता स्वतःच्या हातानं डाग पाडायचा होता. शेवटी त्यांनी डोळे मिटून गन दाबली. ठिपका जरा मोठाच पडला. तो मोती अजूनही थोडा वाकडा आहे.

चार बोटांच्या अंतरानं होले, बुलबुल थांबले. शिंजीर एकदा तरीही घुसायला बघत होता, अंगठ्याएवढ्या पाखराला चार बोटं म्हणजे दरवाजाच. तो वाचला, पण जिजींनी एक बोट दुमडून तीन दाखवली, आणि आम्ही मधे मधे आणखी मोती भरले. त्यानंतरच्या दिवसांत आप्पांच्या घरात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. सगळे काचेकडे बघत बसायचे. एका सकाळी एक बुलबुल शेवग्यावरून सुटला आणि सरळ खिडकीकडे आला. मी हातशिलाई घेऊन खाटेजवळच बसले होते, ती सुई हातात धरून उभी राहिले. आप्पांनी डोळे मिटले. काचेच्या जरा अलीकडे बुलबुलानं पंख उलटे मारले, वर उचलला गेला आणि पत्र्यावरून निघून गेला. "देख!" जिजी ओरडल्या. "देख, देख!" आप्पांनी डोळे उघडले तेव्हा बुलबुल नव्हता. त्यांनी जिजींकडे पाहिलं. मला वाटतं, त्यांना तेच पाहायचं होतं.

जिजी पुन्हा जेवायला लागल्या. आरसा होता, त्यामुळे त्या कुणाला दिसत नव्हत्या. मोती होते, त्यामुळे काच पाखरांना दिसत होती. आतून बघायला त्या ठिपक्यांचा त्रास होत नाही, चार दिवसांत नजर त्यांच्या पलीकडे जाते. मी बसून पाहिलेलं आहे. आप्पांनी मग एक नवा उद्योग काढला. जुन्या गिऱ्हाइकांकडे जायचे, खिडकीवर टकटक करायचे आणि सांगायचे, बाहेरून ठिपके मारून घ्या, तीन बोटांवर. लोक हसायचे. एकानं तर त्यांना त्यांचंच वाक्य ऐकवलं, "आप्पा, काच दिखनी ते ती काच कसानी?" आप्पांनी शांतपणे उत्तर दिलं, "तवय मी बाहेर उभा राहू. आते मझार बठस." तेव्हा ते बाहेर उभे असायचे आणि आता आत बसतात, एवढाच काय तो फरक. काहींनी मारून घेतले. शोरूमवाल्यानं मात्र आधीच दरवाज्यावर कमरेच्या उंचीला लाल पट्टी मारून घेतली होती, नाकाच्या अनुभवावरून.

जिजी शेवग्याला फुलं असतानाच गेल्या. दुपारी जेवल्या, खिडकीकडे तोंड करून पडल्या, आणि उठवायला गेलं तर उठल्या नाहीत. त्या दिवशी भेटायला आलेल्या माणसांना आप्पा ओळखत नव्हते, आणि कुणीतरी खिडकीवर सहज हात टेकला तरी फडकं घेऊन उठले नाहीत. कामरेजला त्यांची मुलगी असते, तिनं चला म्हणून खूप आग्रह केला, हे घर भाड्यानं देऊ म्हणाली. आप्पा गेले नाहीत. जिजींच्या खाटेवर झोपायला लागले. आयुष्यभर जे दुसऱ्यांच्या खिडक्यांशी बोलले ते आता एकाच खिडकीपाशी बसून असायचे. मला फार वाईट वाटायचं. मी तिकडे बघत बघत किती ब्लाउजांच्या बाह्या उलट्या लावल्या असतील.

शेवटची भेट नीट आठवते. छातीत दुखलं म्हणून दवाखान्यात राहून ते दोन दिवसांपूर्वीच घरी आले होते. मी डबा घेऊन गेले. खाटेवर उशीला टेकून बसले होते. खिडकीच्या बाहेरच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं लागलेलं मला दिसलं. आप्पांच्या काचेला जाळं! मी म्हटलं, "आप्पा, जाळं काढू का?" ते म्हणाले, "नको. ती लई जास." कोण घेऊन जाते ते विचारायच्या आत ती आलीच. शिंजिराची मादी, पिवळसर, साधी. घरटं विणायला जाळ्याचे धागे चोचीनं ओढत होती. आप्पांनी सवयीनं बोट दुमडलं आणि काचेपाशी नेलं, टकटक करायला. तिला ते दिसत नव्हते, त्यांना ती दिसत होती. पेर काचेपासून तांदळाच्या दाण्याएवढं दूर राहिलं. बाहेरून तिचीच चोच लागली. टक. अगदी बारीक. आप्पांनी मान तिरपी करून आवाज ऐकला. रबर, फिटिंग, काही बोलले नाहीत. दुमडलेलं बोट त्यांनी उघडलं, सगळा पंजा काचेला हळूच टेकवला आणि मला म्हणाले, "बठू दे तिले."

त्याच महिन्यात आप्पा गेले. तेराव्याच्या आधी घर धुवायला आम्ही गल्लीतल्या बायका गेलो. फरशा पुसल्या, देवघर पुसलं, त्यांचं फडकं खुंटीवर होतं तेच घेऊन बाकीच्या सगळ्या खिडक्या पुसल्या. पुढच्या खोलीतल्या काचेवर आतून पाचही बोटांचा ठसा तसाच होता. तो आम्ही ठेवला, कुणी कुणाला न सांगता. कामरेजच्या मुलीनं घर भाड्यानं दिलं आहे. काच बदलायची नाही आणि मोती खरवडायचे नाहीत, अशी अट घातली आहे. भाडेकरू मला विचारत होते, ही असली खिडकी कुणी केली. आप्पांच्या हिशेबानं ती काच पार वाया गेलेली आहे. गल्लीच्या टोकावरूनसुद्धा दिसते.